साहेबाचीही पाहणी झाली पाहिजे

वाळवे तालुक्यातील शेतकऱ्याच्या दारात आजवर किती तऱ्हेचे पाहणीदार येऊन गेले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा इंग्रज अंमलदारांनी इंदापूर तालुक्यात साखळी ओढून जमिनीची प्रत लावली, तेव्हापासून हे सत्र चालू आहे. शेत मोजले, प्रत लावली, सारा ठरविला. नंतर माणसे मोजली, गुरे मोजली, विहिरी मोजल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर चौकशी करून कोणाच्या शेताचे किती तुकडे झाले, कोणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, हे १९१७ साली छापून काढले. ते काम चांगले होते, हेही आम्ही सांगतो. पुढे दारिद्र्यरेषेची पाहणी आली, पीक कापणीचे प्रयोग आले, आणि २०२१ पासून तर शेतकऱ्याने स्वतःच बांधावर उभे राहून मोबाईलमध्ये आपल्या उसाचा फोटो काढून सरकारास पाठवायचा, अशी ई-पीक पाहणी आली. म्हणजे पूर्वी पाहणीदार तरी घरी येऊन चहा घेत असे. आता आपणच आपले पाहणीदार झालो.

या सर्व पाहण्यांत एक जागा सदा कोरी राहिली आहे. कागद घेऊन येणारा तलाठी, ज्याला अजून सारे गाव भाऊसाहेब म्हणते, त्याच्यावरचा मंडल अधिकारी, त्याच्यावरचे तहसीलदार, प्रांत, कलेक्टर, आणि या सर्वांच्या डोक्यावर मुंबईस मंत्रालयात बसणारे उपसचिव, सचिव, प्रधान सचिव. यांची पाहणी कोणी केली? हे लोक सकाळी कचेरीत आल्यावर काय करतात, कोणाचे ऐकतात, कोणाला बाहेर बसवतात, फायलीवर पहिली ओळ कोण लिहितो आणि ती शेवटपर्यंत तशीच का राहते, मंत्र्याने ‘करा’ म्हटले म्हणजे ते कसे होत नाही, आणि ‘नको’ म्हटले तरी कसे होते? आमच्या घरातील मडकी-भांडी सरकारच्या दप्तरी नोंदलेली आहेत. सरकारच्या घरात कोणते भांडे कोणत्या फळीवर आहे, हे आम्हांस मुळीच ठाऊक नाही.

विद्यापीठांतून एक शास्त्र शिकवितात. त्यास गुणात्मक संशोधन असे जड नाव आहे. नाव जड असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. बाजारात बैल घेताना आपण नुसते दात मोजून पैसे देत नाही. त्याला चार पावले चालवितो, खांद्यावर जू ठेवून पाहतो, पाठीवर हात फिरवितो, विकणाऱ्यास चार आडवे प्रश्न विचारतो, आणि त्याच्या गावचा कोणी बाजारात भेटला तर त्यालाही बाजूस घेऊन विचारतो. दात मोजणे हा आकड्यांचा अभ्यास. बाकीचा सारा हा दुसरा अभ्यास. माणसाजवळ बसावे, त्याचे काम डोळ्यांनी पाहावे, त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, मग त्याच्या हाताखालच्यास आणि वरच्यास विचारून ते म्हणणे ताडून पाहावे, असे या शास्त्राचे स्वरूप आहे. शेतकऱ्यावर, कामकऱ्यावर, आदिवासींवर हा अभ्यास हिंदुस्थानात भरपूर झाला. साहेबांवर फार थोडा झाला. कारण उघड आहे. शेतकरी ओसरीवर घोंगडे टाकून अभ्यासकास बसवितो. साहेबाच्या दाराशी शिपाई असतो.

आमच्या चळवळीस हे नवे नाही. किंबहुना या देशात हा अभ्यास सुरू करण्याचा मान आमच्याच घराण्याकडे जातो. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, तो काय आहे? शेतकरी कोर्टाच्या पायरीवर गेला म्हणजे कारकून काय करतो, वकील काय करतो, गोरा साहेब ऐषआरामात दंग राहून कोणाच्या डोळ्यांनी पाहतो आणि कोणाच्या कानांनी ऐकतो, हे त्यांनी आकडे न मांडता, पाहिल्या-ऐकल्याप्रमाणे लिहिले. सरकारी खात्याची ती आतून केलेली तपासणी आहे. जोतीरावांनी ठेकेदारी केली होती, त्यामुळे इंजिनिअर खात्याचे पाणी त्यांनी चाखून पाहिले होते. लिहिलेले त्यांनी मुंबई-पुण्यापासून खेड्यापाड्यापर्यंत लोकांस वाचून दाखविले आणि बडोद्यास श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांसही ऐकविले. आणि गंमत अशी की, ‘दीनबंधू’ या आपल्याच पत्रात त्यातील पहिली दोन प्रकरणे छापून आली, पुढची छापण्याचे धैर्य संपादकांस झाले नाही. संपादक म्हणून हे लिहिताना आमचीही मान जरा खाली जाते. साहेबावर लिहिणे तेव्हाही सोपे नव्हते.

पाच वर्षांनी, १८८८ साली, क्रॉफर्ड प्रकरण उघडकीस आले. आर्थर क्रॉफर्ड हे बडे कमिशनर. बढती-बदलीसाठी मामलेदारांनी मध्यस्थामार्फत त्यांस पैसे पोचविले, अशी बोंब झाली आणि सरकारने चौकशी कमिशन नेमले. मामलेदारांस अभयवचन देऊन बोलते केले. एकामागून एक मामलेदार उभा राहून, आपण किती दिले आणि कशासाठी दिले, हे सांगू लागला. लाच घेतल्याचा आरोप कमिशनने शाबीत धरला नाही, हाताखालच्या मुलखात कर्जे काढल्याबद्दल मात्र साहेबांची नोकरी गेली. त्या निकालाचे काय ते असो. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, त्या चौकशीत प्रथमच या इलाख्यातील अंमलदारांचा आतला व्यवहार त्यांच्याच तोंडून कागदावर आला. मामलेदार ते पैसे कोठून आणीत होता, हा प्रश्न मात्र कमिशनपुढे फारसा आला नाही. तो रयतेला विचारायचा प्रश्न होता आणि रयतेला साक्षीस कोणी बोलावले नाही. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट याच साहेबांच्या नावाचे. त्यास आज महात्मा फुले मंडई म्हणतात. काळाने हा एक हिशेब तरी चुकता केला.

यानंतर शाहू छत्रपती. १८९४ साली त्यांनी कोल्हापूरचा कारभार हाती घेतला, तेव्हा सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते आणि कारकुनीच्या सुमारे ५०० जागांत ब्राह्मणेतर फक्त १० होते. महाराजांनी आकडा पाहिला आणि २६ जुलै १९०२ रोजी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात असा हुकूम काढला. १९१२ मध्ये ९५ पैकी ३५ जागांवर ब्राह्मण राहिले. एवढे सर्वांस ठाऊक आहे. परंतु महाराज आकड्यावर थांबले नाहीत, हे लोक विसरतात. गावातील खरी सत्ता दरबारात नसून कुळकर्ण्याच्या दप्तरात आहे, त्याने एक आणेवारी इकडची तिकडे केली की शेतकऱ्याच्या दोन पिढ्या कज्जात जातात, हे त्यांनी शिकारीच्या निमित्ताने, तालमीच्या निमित्ताने, रयतेत उठून-बसून जाणले होते. म्हणून १९१८ साली कुळकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमण्याचे त्यांनी ठरविले आणि तलाठ्याच्या कामाचे शिक्षण बहुजनांच्या मुलांस देण्याची सोय केली. आकडे वाचणाऱ्या राजास पहिला हुकूम सुचला असता. दुसरा हुकूम सुचण्यास दप्तर आतून पाहावे लागते.

आता आजचा आकडा पाहा. २०१९ साली संसदेत जे उत्तर दिले गेले, त्याप्रमाणे केंद्र सरकारच्या ८९ सचिवांत अनुसूचित जातीचा एक, अनुसूचित जमातींचे तीन, आणि इतर मागासवर्गांतला एकही नव्हता. १८९४ च्या कोल्हापूरची आठवण यावी असा हा आकडा आहे. तो वाचून आमचे रक्त तापले, हे कबूल करतो. पण रक्त तापून प्रश्न सुटत नाही. अधिकाऱ्यांस विचारले तर ते म्हणतात, इतर मागासवर्गांस केंद्राच्या नोकरीत २७ टक्के राखीव जागा १९९३ पासून मिळू लागल्या. त्या वाटेने आलेली पहिली तुकडी सचिवपदास पोचण्यास तीस-बत्तीस वर्षे लागणारच. यात तथ्य नाही असे नाही. पण मग अनुसूचित जातींस तर राज्यघटनेपासून जागा आहेत. त्यांचा एकच का? याचे उत्तर दुसरा एखादा अधिकारी हळूच देतो, की खेड्यातला मुलगा परीक्षा देत देत उशिरा नोकरीत शिरतो, म्हणून सचिव होण्यापूर्वीच त्याचे पेन्शनीचे वय होते. तिसरा सांगेल की, वरिष्ठ जो गुप्त शेरा लिहितो त्यात सगळी गोम आहे; कोणाला कोणते खाते मिळाले, कोणाला कोपऱ्यातले महामंडळ मिळाले, तिथेच पुढची वीस वर्षे ठरतात. यांतले खरे किती आणि किती नुसती सबब, हे कोण सांगणार? आकडा प्रश्न विचारून मोकळा होतो. उत्तरासाठी त्या माणसांजवळ जाऊन बसावे लागेल, निवृत्त झालेल्यांच्या घरी जावे लागेल, तीस वर्षांची हकीकत तुकड्या-तुकड्याने काढून घ्यावी लागेल. १७ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने वरच्या ४५ जागा बाहेरून, राखीव जागांवाचून, भरण्याची जाहिरात काढली आणि ओरड होताच तीनच दिवसांत मागे घेतली. ती जाहिरात कोणत्या खोलीत ठरली, कोणी मान डोलविली, कोणी हरकत घेतली, हे जोपर्यंत आम्हांस कळत नाही, तोपर्यंत पुढची जाहिरात येईपर्यंत आम्ही फक्त वाट पाहायची.

येथे आम्हांस आमच्याच पंगतीतील काही गोष्टी बोलल्या पाहिजेत. सगळा दोष भिक्षुकशाहीच्या माथी मारून मोकळे होणे सोपे होते, ते दिवस गेले. १९२३ साली भास्करराव जाधव मुंबई इलाख्याचे मंत्री झाले तेव्हा सातारा जिल्ह्यातील सत्यशोधकांना आभाळ ठेंगणे झाले होते. त्यानंतर १९६० साली महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले ते याच मातीतील, देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. आमच्या इस्लामपूरच्या राजारामबापू पाटलांनी मंत्रिपद भूषविले. आर. आर. पाटील, पतंगराव कदम, जयंतराव पाटील अशी या एका जिल्ह्याने मंत्रालयास माणसे पुरविली, तेवढी क्वचितच दुसऱ्या जिल्ह्याने पुरविली असतील. आता खुर्चीवर आपला माणूस आहे, बाहेर बाकावर आपला माणूस आहे, आणि मधल्या दारात उभा असलेला शिपाई तोही आपलाच भाऊ आहे. तरी बाकावरचा माणूस बाकावरच का? खुर्ची बदलली पण फायलीची वाट बदलली नाही, हे याचे एक उत्तर असू शकेल. खुर्चीवर बसल्यावर आपला माणूस आपला राहत नाही, हे दुसरे. मंत्री पाच वर्षांचा आणि सचिव पस्तीस वर्षांचा, म्हणून घोडा स्वारास चालवितो, हे तिसरे. आम्ही तिन्ही उत्तरे सभांतून ऐकली आहेत आणि सभांतूनच दिलीही आहेत. तपासून मात्र एकही पाहिलेले नाही.

एक ताजे उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या उसाचे आहे. ऊस कारखान्यास गेल्यावर चौदा दिवसांत ठरलेला भाव दिला पाहिजे आणि न दिल्यास शेकडा १५ व्याज द्यावे, असे केंद्र सरकारच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण हुकुमात आहे. हे इस्लामपूरच्या आठवडा बाजारातला पोरगाही सांगेल. असे असता २१ फेब्रुवारी २०२२ रोजी महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढला की, पहिला हप्ता ठराविक उताऱ्यावर द्यावा आणि उरलेला हंगाम संपून खरा उतारा ठरल्यावर द्यावा. म्हणजे एफआरपीचे दोन तुकडे. सोसायटीचे कर्ज जूनच्या आत भरायचे, पोरांच्या शाळेची फी भरायची, आणि पैसे मात्र कारखान्याचा पट्टा पडून उताऱ्याचा हिशेब होईपर्यंत अडकलेले. शेतकरी संघटना कोर्टात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. एखाद्या कारखान्याने मधल्या काळात पैसे एकदम दिले असतील, तो त्याचा चांगुलपणा. कायद्याने मिळालेला हक्क तीन वर्षे चांगुलपणावर टांगून राहिला, हे खरे.

कोर्टाने निर्णय बेकायदा म्हटले, पण तो जन्मास कसा आला हे कोर्टाने सांगितले नाही आणि ते सांगणे त्याचे कामही नव्हे. प्रत्येक शासन निर्णयाखाली छापलेले असते, ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. राज्यपालांनी तो निर्णय डोळ्यांनी पाहिला तरी असेल काय? कोणी कक्ष अधिकाऱ्याने पहिली टिपणी लिहिली असेल. अवर सचिवाने तीवर सही केली असेल, उपसचिवाने एखादा शब्द बदलला असेल, विधी खात्याकडे फाईल गेली असेल, तिथे कोणी ‘हे केंद्राच्या हुकुमाच्या विरुद्ध आहे’ असे लिहिले असेल किंवा लिहिले नसेल. लिहिले असेल, तर ते पुसले कोणी? लिहिले नसेल, तर त्या खात्यास पगार कशाचा? कारखानदार कोणाला भेटले, आणि शेतकऱ्याच्या बाजूचा कोणी त्या खोलीत होता काय? आमचा रोख कोणा एका नावावर नाही. नाव कळले तर त्या माणसाची बदली होईल आणि पुढचा निर्णय दुसरा माणूस तशाच रीतीने काढील. आम्हांस ती रीत पाहिजे आहे.

कारागीर बंधूंनी हा उसाचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नये. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राने विश्वकर्मा योजना सुरू केली. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, परीट, शिंपी, गवंडी, बुरूड असे अठरा धंदे तीत घेतले. हत्यारांसाठी पंधरा हजार, मग पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि पुढे दोन लाख कर्ज. चांगले झाले. पण त्या अठरांत विणकर नाही. कोष्टी नाही, साळी नाही, आटपाडी-जतकडे घोंगडी विणणारा सनगर नाही. तेली नाही. कोणी म्हणेल, विणकरांचे खाते निराळे, वस्त्रोद्योगाचे. पण सनगराच्या खड्ड्यातल्या मागास कोणते मंत्रालय आपले म्हणते, हे त्याने दिल्लीस जाऊन विचारावे काय? अठरा हा आकडा तरी कोठून आला? बारा बलुते आणि अठरा अलुते ही म्हण आपल्याकडची. तिच्यावरून कोणा साहेबाने घेतला की काय, असे आमच्या एका मित्राने थट्टेने विचारले. आम्हांस थट्टा वाटली नाही. कारण खरे उत्तर काय हे आम्हांलाही सांगता येत नव्हते.

बाहेरच्या देशांत हे काम लोकांनी करून दाखविले आहे. विलायतेत ऱ्होड्स नावाच्या प्राध्यापकांनी मंत्री आणि त्यांचे मुख्य सचिव यांच्या कचेऱ्यांत प्रत्यक्ष बसून, दिवसचे दिवस त्यांच्यामागे फिरून, तीन खात्यांचा कारभार पाहिला. त्यांत एक शेतीचे खाते होते. २०११ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यातून दिसले ते असे की, बड्या साहेबांचा बहुतेक दिवस मोठे धोरण ठरविण्यात जात नाही. तो मंत्र्यास अडचणीतून वाचविण्यात, भेटींची वही सांभाळण्यात, आणि ‘मागच्या वेळी काय झाले होते’ या गोष्टी एकमेकांस सांगण्यात जातो. म्हणजे जी गोष्ट मागच्या वेळची म्हणून कचेरीत चालू आहे, तिच्यातच पुढचा निर्णय दडलेला असतो. आमचा शेतकरी त्या गोष्टीत कसा दिसतो? कर्ज बुडविणारा म्हणून, की कर भरणारा म्हणून? हिंदुस्थानात अखिल गुप्ता यांनी उत्तर प्रदेशात खालच्या कचेऱ्यांतून बसून असेच काम केले आणि २०१२ साली प्रसिद्ध केले. गरिबाविषयी साहेबास राग असतो म्हणून गरीब मरतो असे नव्हे. पुष्कळदा दयाळू माणसाच्या हातूनही कागदाच्या फेऱ्यात तो मरतो, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस हे मत पुरते मान्य नाही, कारण फेऱ्यात कोणाचा कागद अडकतो आणि कोणाचा सुटतो हे आम्ही रोज पाहतो. पण वाद घालण्यासारखे काही तरी त्यांनी पुढे ठेवले, हे निश्चित.

आमच्याकडेही अभ्यासक आले. अँथनी कार्टर हे अमेरिकन गृहस्थ फलटणास राहून पुढाऱ्यांच्या युत्या-जुत्या पाहून गेले आणि १९७४ साली त्यांचे पुस्तक निघाले. आणि गेल ऑम्वेट तर येऊन परत गेल्याच नाहीत. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिण्यासाठी ती अमेरिकन मुलगी महाराष्ट्रभर हिंडली, १९७६ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि पुढे ती आमच्या तालुक्यातील कासेगावची सून झाली, या देशाची नागरिक झाली, आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच वारली. १९२० च्या आसपास या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी सावकार-भटजींविरुद्ध काय केले, हे आमच्या पोरांना त्या बाईंच्या पुस्तकातून कळले. आम्हांस हे सांगायचे आहे की, कासेगावात बसून जगाच्या विद्यापीठांनी वाचावे असे लिहिता येते. मग मंत्रालयावर इस्लामपुरात बसून का लिहिता येऊ नये?

अडचणी पुष्कळ आहेत. चालू नोकरीतला अधिकारी तोंड उघडणार नाही. त्याला वर्तणुकीचे नियम आहेत आणि १९२३ चा गुपितांचा कायदा अजून डोक्यावर आहे. निवृत्त अधिकारी तोंड उघडतो, पण मग ते मिटत नाही. त्याच्या हकीकतीत तो स्वतः सदा शूर आणि मंत्री सदा मूर्ख असतो. म्हणून एकट्याचे ऐकून चालणार नाही. त्याच्या हाताखालचा कक्ष अधिकारी, टंकलेखक, गाडी चालविणारा, चहा देणारा, यांस विचारले पाहिजे. मंत्रालयातील शिपायाला जेवढे ठाऊक असते तेवढे आमदारास नसते, आणि हे शिपाई पुष्कळसे आपल्याच भागातून गेलेले आहेत. त्यांची नोकरी जाईल असे काही लिहू नये, नाव छापू नये, हेही त्याबरोबरच पाळले पाहिजे.

आणि न्यायाने लिहिले पाहिजे. पुरात घरे गेली त्या २०१९ च्या ऑगस्टात रात्र रात्र न झोपलेले तहसीलदार आणि तलाठी आम्ही पाहिले आहेत, आणि पंचनाम्यात भिंत पडली की पडायची आहे यावर हुज्जत घालणारेही पाहिले आहेत. दोघांस एकच सरकार पगार देते. पहिला का टिकत नाही? बदल्यांचा कायदा महाराष्ट्राने २००५ साली केला; साधारण तीन वर्षे एका जागी, आणि एका मेजावर फाईल सात दिवसांहून अधिक नको, असे त्यात लिहिले आहे. हा कायदा वाचून ज्यास हसू आले नाही असा पक्षकार आम्हांस अजून भेटायचा आहे. पण कायदा मोडतो कसा, कोणाच्या चिठ्ठीने मोडतो, आणि चांगला अधिकारी तेव्हा स्वतःशी काय म्हणतो, हे त्याच्याच तोंडून ऐकले म्हणजे कदाचित त्याच्या बाजूनेही लढता येईल.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली बहुजनांच्या मुलांसाठी निघाले. तेथील राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि मराठी या खात्यांनी दरवर्षी ऊसतोडणी कामगारावर आणि धरणग्रस्तांवर प्रबंध लिहून घ्यावेत, आमची हरकत नाही, ते प्रश्न मेलेले नाहीत. पण त्यांबरोबर सहकार खाते, महसूल खाते, जलसंपदा खाते यांवरही लिहून घ्यावेत. एफआरपीच्या त्या शासन निर्णयाची फाईल हा पहिला विषय असावा. माहितीच्या अधिकारात, जो महाराष्ट्रात २००२ पासून आणि देशात २००५ पासून आहे, दहा रुपयांच्या अर्जावर टिपणीचीही नक्कल मागता येते. अर्ज टाकण्यास वकील लागत नाही. इस्लामपूरच्या कॉलेजांतील जी मुले-मुली स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकांत बसून आहेत, त्यांनी हे काम करावे. ज्या खुर्चीसाठी ती पाच-पाच वर्षे डोळे फोडतात, ती खुर्ची आतून कशी आहे, हे आधी पाहून ठेवलेले काय वाईट? परीक्षा पास झाली तर उपयोगी पडेल आणि नाही झाली तर गावाच्या उपयोगी पडेल.

बाकीच्यांनी, म्हणजे आपण शेतकऱ्यांनी आणि कारागिरांनी, एक करावे. १९४३ ते ४६ पर्यंत याच तालुक्यांतून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले तेव्हा शिकलेले आणि अडाणी दोघांनी मिळून न्याय दिला, दप्तर ठेवले. आपणही एक दप्तर ठेवावे. घरात दुधाची वही असते तशी कचेरीची एक वही असावी. कोणत्या तारखेस, कोणत्या कचेरीत, कोणत्या मेजाशी गेलो. काय काम होते. काय उत्तर मिळाले, ते साहेबाच्या किंवा कारकुनाच्या तोंडचेच शब्द. किती वेळ उभे राहिलो. बसा म्हटले की नाही. किती खेपा झाल्या. बाईमाणूस एकटी गेली तर उत्तर निराळे मिळाले काय. काम लवकर आणि गोडीने झाले तर तेही लिहावे, ते मुळीच गाळू नये. ज्यास लिहिता येत नाही त्याने शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्यावे. तिला त्यातून जे शिकायला मिळेल ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नाही.

दिवाळीपर्यंतच्या वह्या आमच्याकडे आणून द्याव्यात किंवा टपालाने पाठवाव्यात. लिहिणाऱ्याचे नाव छापले जाणार नाही, कारकुनाचेही नाही. मेजाचे आणि खात्याचे नाव मात्र छापले जाईल.